अर्क लाल, चमक निळी: मिठागरातल्या रंगद्रव्याचा फ्लुओरेसन्स खरा किती?

प्रश्न थोडक्यात असा आहे. एमएस्सीच्या प्रकल्पासाठी तुम्ही उरणकडच्या एका मिठागरातलं गुलाबी पाणी आणलंत, २५ टक्के मिठाच्या माध्यमावर लाल वसाहती वाढवल्यात आणि ॲसिटोन-मिथेनॉलमध्ये त्यांचा अर्क काढलात. शोषणाच्या आलेखात ४६८, ४९४ आणि ५२७ नॅनोमीटरला शिखरं आली. शिवाय ३७० आणि ३८६ च्या आसपास दोन बुटकी शिखरं दिसली. यूव्ही दिव्याखाली अर्क निळसर चमकला. मग फ्लुओरिमीटरवर, म्हणजे अशी चमक मोजणाऱ्या यंत्रावर, ३७० ला उत्तेजन दिलंत, तर ४५० च्या आसपास रुंद उत्सर्जन मिळालं. आता प्रबंधात ‘बॅक्टेरिओरुबेरिन (हे लाल रंगद्रव्य) फ्लुओरेसंट आहे’, म्हणजे शोषलेला प्रकाश चमकून परत देतं, असं लिहावं का, आणि पेशी रंगवायला हा नैसर्गिक रंग वापरता येईल का, असं तुम्ही विचारलं आहे.

लिहू नका. रंगद्रव्य तुम्ही बरोबर ओळखलं आहे आणि तुमचा शोषण-आलेख सुरेख आहे. पण ती निळी चमक बॅक्टेरिओरुबेरिनची नाही. नुसतं ‘नाही’ ऐकून तुमचं काम पुढे सरकणार नाही, म्हणून कारणं सविस्तर सांगते. गेली २२ वर्षं मी याच रंगद्रव्यांच्या मागे आहे. ती जवळपास चमकत नाहीत, हीच त्यांची मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट आहे.

आधी शोषणाकडे पाहू, कारण पुढचं सगळं त्यातूनच निघतं. बॅक्टेरिओरुबेरिन हा ५० कार्बनचा लांबलचक रेणू. त्याच्या मधल्या साखळीत एकाआड एक असे १३ दुहेरी बंध ओळीनं आहेत आणि दोन्ही टोकांना मिळून चार हायड्रॉक्सिल गट. गाजरातलं बीटा-कॅरोटीन ४० कार्बनचं, त्यात असे ११ बंध. त्यांतले दोन टोकाच्या कड्यांत अडकलेले आणि किंचित पिळलेले असल्यामुळे पूर्ण हातभार लावत नाहीत. या बंधांमधले इलेक्ट्रॉन एका जागी बांधलेले नसतात, ते सगळ्या साखळीभर वावरतात. वावरायला जागा जितकी लांब, तितकी त्यांना वर उचलायला ऊर्जा कमी लागते. म्हणून बीटा-कॅरोटीन ४५० आणि ४७८ च्या आसपास शोषतं आणि नारिंगी दिसतं. बॅक्टेरिओरुबेरिन ४९४ आणि ५२८ पर्यंत सरकतं, निळ्याबरोबर बराचसा हिरवाही गिळतं, आणि उरलेला प्रकाश आपल्याला लाल-गुलाबी दिसतो.

तीन शिखरं म्हणजे तीन रंगद्रव्यं नव्हेत. इलेक्ट्रॉनची उडी एकच, तिच्यावर साखळीच्या कंपनाची भर पडत जाते, म्हणून एकाच शोषणाला तीन बोटं फुटतात. ४९४ आणि ५२८ मधलं अंतर ऊर्जेत मोजलंत तर ते सुमारे १३०० व्यस्त सेंटिमीटर येतं, कार्बन-कार्बन बंधांच्या कंपनांच्या घरातलं. बोटं जितकी सुटी आणि स्पष्ट, तितकी साखळी सरळ आणि अर्क ताजा. ३७० आणि ३८६ ची बुटकी जोडी मात्र वेगळी गोष्ट सांगते. साखळी मध्येच वाकली, म्हणजे रेणूचं सिस् रूप झालं, की त्याची सममिती मोडते आणि एरवी दबलेलं हे शोषण वर डोकं काढतं. अर्क टेबलावर उजेडात राहिला तर दोन दिवसांत ही जोडी उंच झालेली दिसेल. तुमच्या आलेखात ती किती मोठी आहे हे दर वेळी टिपून ठेवा. नमुना कसा सांभाळला गेला याचं ते प्रमाणपत्रच असतं.

गफलत इथेच झाली. रंगद्रव्य ३७० ला शोषतं, मग ३७० ला उत्तेजन देऊन जे बाहेर आलं ते त्याचंच, असा तर्क तुम्ही केलात. तर्क स्वाभाविक आहे, पण ३७० ही गर्दीची जागा आहे. प्रथिनातून सुटलेलं रेटिनल (अ-जीवनसत्त्वाचं एक रूप) तिथे शोषतं. कॅरोटिनॉइड, म्हणजे बॅक्टेरिओरुबेरिन आणि बीटा-कॅरोटीन ज्या कुळातले ती रंगद्रव्यं, तयार होतानाच्या मधल्या टप्प्यावरचं फायटोफ्लुईन तिथे शोषतं. पेशीतले फ्लॅव्हिन आणि माध्यमातल्या यीस्ट अर्काचे नाना घटक तिथेच शोषतात. त्यांतले कित्येक मनापासून चमकतात.

त्याहून सोपा पुरावा तुमच्याच आकड्यांत आहे. रंगद्रव्याचं सर्वांत कमी ऊर्जेचं ठळक शोषण ५२७ ला आहे. रेणू चमकतो तेव्हा तो आधी खालच्या उत्तेजित पायरीवर घसरतो आणि तिथून प्रकाश सोडतो. म्हणून उत्सर्जन शोषणाच्या तांबड्या बाजूला, म्हणजे ५२७ च्या पुढे यायला हवं. तुमचं ४५० ला आलं आहे, शोषणाच्या पट्ट्यापेक्षाही जास्त ऊर्जेला. इतकं उलटं वागणारे रेणू अपवादानं असतात, पण बॅक्टेरिओरुबेरिन त्यांतलं नाही.

आणि ते ‘४५० चं शिखर’ तरी खरं शिखर आहे का? अर्क गडद लाल होता असं तुम्हीच लिहिलं आहे. समजा, एखादी अशुद्धी ४०० पासून ६०० पर्यंत पसरट चमकते आहे. तिचा ४७० ते ५३० मधला प्रकाश क्युव्हेटमधून, म्हणजे मापनाच्या कुपीतून, बाहेर पडण्याआधीच लाल रंगद्रव्य गिळून टाकणार. डोंगराचा मधला भाग असा खरवडला गेला की डावीकडे उरलेला उंचवटा ४५० च्या शिखरासारखा दिसतो आणि उजवीकडे ५५० च्या पुढे आणखी एक बारका उंचवटा राहतो. तुमच्या आलेखाचा उजवा भाग पुन्हा पाहा. तिथे तो असणार असा माझा अंदाज आहे. अर्क दहापट पातळ करून मोजा, इतका की शोषण ०.०५ ते ०.१ च्या पुढे जाणार नाही. मग डोंगराचा मूळ आकार दिसेल, शिखर जागा सोडेल, आणि कदाचित पातळ केल्यावर चमक वाढलेलीसुद्धा आढळेल.

आता मूळ प्रश्न. प्रकाश इतका अधाशीपणे शोषणारा रेणू चमकत का नाही?

कॅरोटिनॉइडांत दोन उत्तेजित पायऱ्या समजून घ्याव्या लागतात. वरची एस-२ आणि तिच्याखालची एस-१. तळापासून थेट एस-२ वर उडी मारायला पूर्ण मुभा आहे, म्हणून शोषण जबरदस्त असतं. तळ आणि एस-१ यांच्यात मात्र प्रकाशाच्या वाटेनं ये-जा जवळजवळ बंद आहे, रेणूची सममिती आड येते. शोषलेली ऊर्जा एस-२ वर पोचते आणि १०० ते २०० फेम्टोसेकंदांत एस-१ वर घसरते. एक फेम्टोसेकंद म्हणजे सेकंदाच्या एक अब्जाव्या भागाचा दहा लाखावा भाग. एस-२ ला प्रकाश बाहेर टाकायला साधारण एक नॅनोसेकंद, म्हणजे दहा लाख फेम्टोसेकंद, हवा असतो. हातात वेळ मिळतो तो त्याच्या दहा हजाराव्या भागाएवढा. म्हणून दहा हजार प्रकाशकण गिळले तर जेमतेम एखादा परत बाहेर येतो. एस-१ वर पोचलेली ऊर्जा तर प्रकाशाच्या वाटेनं जाऊच शकत नाही. ती उष्णता होऊन विरते. बीटा-कॅरोटीनमध्ये याला सुमारे १० पिकोसेकंद लागतात (एक पिकोसेकंद म्हणजे हजार फेम्टोसेकंद). साखळी लांबली की हा वेळ आणखी कमी होतो. जांभळ्या प्रकाशसंश्लेषी जिवाणूंमधल्या स्पिरिलोझँथिनमध्येही १३ च दुहेरी बंध आहेत, त्यात तो दीड पिकोसेकंदाच्या आसपास आहे.

शेजारी हरितद्रव्य ठेवून पाहा. द्रावणात ते पाच-सहा नॅनोसेकंद उत्तेजित राहतं आणि दर शंभर प्रकाशकणांमागे तीसेक परत देतं. त्यामुळे मिठागरातल्या पाण्यात डुनालिएला हे शेवाळ असेल तर अर्क यूव्हीखाली रक्तासारखा लाल चमकतो आणि उत्सर्जन ६७० च्या आसपास येतं. गंमत अशी की तेच शेवाळ भरपूर बीटा-कॅरोटीन साठवतं, ताण वाढवला तर कोरड्या वजनाच्या दहा टक्क्यांपर्यंत. पण चमकतं ते त्याचं मूठभर हरितद्रव्य. तुमच्या वसाहतींत लाल चमक नाही, म्हणजे शेवाळाची भेसळ नाही, एवढा निष्कर्ष मात्र तुमच्या यूव्ही फोटोतून नक्की काढता येतो.

मी स्वतः या वाटेवर एकदा सपशेल चुकले आहे. पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी माझ्याकडे इथेनॉलमधला लाल अर्क होता. ४९० ला उत्तेजन दिलं की ५७१ ला टोकदार, देखणं शिखर येई. शोषणाच्या तांबड्या बाजूला, म्हणजे अगदी जिथे यायला हवं तिथे. परिषदेसाठीच्या पोस्टरवर मी ते छापलंसुद्धा. आदल्या दिवशी एका ज्येष्ठ भौतिकशास्त्रज्ञ बाईंनी विचारलं, “उत्तेजन ४८० ला नेलंस तर शिखर कुठे जातं?” मी जाऊन पाहिलं. ते ५५८ ला गेलं. रेणूचा फ्लुओरेसन्स उत्तेजन बदललं म्हणून जागा बदलत नाही. ते इथेनॉलचं रामन विकिरण होतं. द्रावकातल्या कार्बन-हायड्रोजन बंधांनी आल्या प्रकाशातून सुमारे २९०० व्यस्त सेंटिमीटर ऊर्जा काढून घेतली होती, आणि बाकीचा प्रकाश परत आला होता. कोऱ्या इथेनॉलमध्येही तेच शिखर तेवढंच उंच होतं. मी कोरा द्रावक मोजलाच नव्हता. पोस्टर रात्रीत बदललं, आणि तेव्हापासून माझ्या गटात पहिलं मापन नेहमी कोऱ्या द्रावकाचं असतं.

तुमच्याकडे ३७० ला उत्तेजन आहे, म्हणून मिथेनॉलचं रामन शिखर ४१५ च्या आसपास असेल. रुंद उत्सर्जनाच्या डाव्या उतारावर बारीक काटा दिसतो आहे का पाहा. ७४० ला काही दिसलं तर तेही उत्सर्जन नव्हे, यंत्रातल्या प्रकाश विभागणाऱ्या जाळीतून आलेली उत्तेजनाची दुप्पट तरंगलांबीची सावली आहे.

मग चमकतं आहे ते कोण? शोधायचा मार्ग सरळ आहे. जिवाणू न टाकलेलं माध्यम घ्या आणि अर्क काढण्याच्या त्याच सगळ्या पायऱ्यांतून न्या. तितकाच वेळ सेंट्रिफ्यूज, तोच द्रावक, त्याच नळ्या. हॅलोआर्कियांच्या (तुमच्या वसाहतींसारख्या मीठप्रेमी आर्कियांच्या; आर्किया दिसायला जिवाणूंसारखे, पण वेगळ्या कुळातले) माध्यमात यीस्ट अर्क आणि पेप्टोन सढळ हातानं असतं, आणि त्या दोघांची चमक निळी ते हिरवट असते. हा कोरा अर्क जर चमकला तर अर्धं उत्तर मिळालं. नळीचं प्लास्टिकही ॲसिटोनमध्ये काही ना काही सोडतं, म्हणून काच वापरा.

पण सर्वांत पक्की कसोटी उत्तेजन-आलेखाची. उत्सर्जन ४५० वर स्थिर ठेवा आणि उत्तेजन २५० पासून ४४० पर्यंत फिरवा. जो रेणू चमकतो आहे त्याच्या शोषणाचीच नक्कल या आलेखात उमटते. मग उत्सर्जन ५६० वर ठेवून उत्तेजन ५४० पर्यंत न्या. चमक बॅक्टेरिओरुबेरिनची असेल तर तीन बोटं इथे उमटायलाच हवीत. नुसता पसरट उंचवटा आला तर चमकणारा दुसराच कोणी आहे. ३३१, ३४८ आणि ३६७ ला तीन नेटकी शिखरं आली तर तुमच्या हाती फायटोफ्लुईन लागलं आहे. त्यात एकाआड एक असे पाचच दुहेरी बंध ओळीनं असतात. साखळी आखूड असल्यामुळे ते डोळ्याला रंगहीन दिसतं आणि यूव्हीखाली खरोखर चमकतं. ही स्वतंत्र नोंद करण्याजोगी गोष्ट ठरेल. त्या जिवाणूत कॅरोटिनॉइड बनवण्याची साखळी कुठे रेंगाळते आहे, हे त्यावरून कळतं.

आणखी एक कसोटी, जिला यंत्र लागत नाही. अर्काचे दोन भाग करा. एक फॉइलमध्ये गुंडाळून ठेवा, दुसरा काचेच्या कुपीत दुपारच्या उन्हात. उन्हातल्या अर्काचा लाल रंग उडत जाईल. रंग गेला आणि निळी चमक तशीच राहिली, किंवा आणखी उजळली, तर चमक लाल रंगद्रव्याची नव्हती हे डोळ्यांना दिसेल.

तुम्ही सुरुवातीला लिहिलं आहे की वसाहतींना काही वेळा जांभळी छटा येते, पण अर्कात ती दिसत नाही. हा प्रश्न तुम्ही जाता जाता लिहिला आहे, पण माझ्या मते तुमच्या प्रकल्पातला सर्वांत मोठा धागा तोच आहे.

जांभळा रंग बॅक्टेरिओऱ्होडॉप्सिनचा असू शकतो. हे प्रथिन आहे, त्याच्या पोटात रेटिनलचा एक रेणू बसवलेला. सुटं रेटिनल ३८० च्या आसपास शोषतं आणि फिकट पिवळं दिसतं. तेच या प्रथिनात अडकलं की शोषण थेट ५६८ ला जातं. रेणू तोच, फक्त भोवतालच्या विद्युतभारांनी त्याला जवळपास दोनशे नॅनोमीटर सरकवलं. डिटर ओस्टरहेल्ट आणि वॉल्थर स्टोकेनियस यांनी १९७१ मध्ये हे दाखवून दिलं. जांभळ्या पटलात सेंद्रिय द्रावक घातला की ते पिवळं पडतं, हे निरीक्षण त्या शोधातला कळीचा दुवा होतं. तुमच्या ॲसिटोननं नेमकं तेच केलं. प्रथिन मोडलं, जांभळा रंग गेला, आणि सुटलेलं रेटिनल तुमच्या ३७०-३८० च्या गर्दीत जाऊन बसलं. म्हणजे द्रावकातला अर्क पाहून ‘या जिवाणूत ऱ्होडॉप्सिन नाही’ असं म्हणता येत नाही. त्यासाठी पेशी द्रावकाविना फोडाव्या लागतात. हॅलोआर्कियांची ती सोय निसर्गानंच करून ठेवली आहे. त्यांच्या बाहेरच्या प्रथिनांच्या कवचाला मिठाचाच आधार असतो, डिस्टिल्ड पाण्यात टाकल्या की पेशी आपोआप फुटतात. पटलं सेंट्रिफ्यूजनं खाली बसवा, धुऊन घ्या आणि पाण्यात शोषण मोजा. ५६० ते ५७० मध्ये उंचवटा दिसला, आणि हायड्रॉक्सिलअमाइन घालून प्रखर उजेडात ठेवल्यावर तो मावळला, तर ऱ्होडॉप्सिन आहे. वाढीच्या शेवटी प्राणवायू कमी पडू दिलात आणि उजेड दिलात तर त्याचं प्रमाण वाढतं. जोरात हलवलेल्या फ्लास्कमध्ये ते तुम्हाला क्वचितच सापडेल.

ऱ्होडॉप्सिनचा फ्लुओरेसन्सही दहा हजारांत एकाच्या पातळीचा, पण कारण वेगळं. प्रकाश पडताच रेटिनल सुमारे अर्ध्या पिकोसेकंदात वळतं आणि त्या वळण्यातून पेशीबाहेर प्रोटॉन ढकलला जातो. ऊर्जा कामाला लागते, चमकायला उरत नाही.

तरीही तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं, म्हणजे पेशी पाहण्यासाठी वापर होईल का याचं, खरं उत्तर याच कुळात आहे. मृत समुद्रातल्या हॅलोरुब्रम सोडोमेन्स या आर्कियातलं आर्किऱ्होडॉप्सिन-३ हे प्रथिन २०१० मध्ये चेतापेशींना प्रकाशानं गप्प करायला वापरलं गेलं. २०१२ मध्ये ॲडम कोहेन यांच्या गटानं दाखवलं की त्याची अतिशय मंद लाल चमक पेशीपटलावरच्या विद्युतदाबाबरोबर कमी-जास्त होते, आणि ती टिपून एकेका चेतापेशीतला विद्युत स्पंद पाहता येतो. पुढे या प्रथिनात बदल करून जास्त उजळ रूपं तयार झाली. म्हणजे मीठप्रेमी जिवांच्या रंगाचा फ्लुओरेसन्स उपयोगी पडला, पण तो प्रथिनात बसलेल्या रेटिनलचा, लाल कॅरोटिनॉइडाचा नव्हे. आणि त्यासाठी अर्क फासून चालत नाही, जनुक पेशीत घालावं लागतं.

कॅरोटिनॉइडानं गिळलेली ऊर्जा वायाच जाते असंही नाही. स्पेनच्या मिठागरांतून २००२ मध्ये सॅलिनिबॅक्टर रुबर हा लाल जिवाणू वर्णिला गेला. तो आर्किया नाही, खरा बॅक्टेरिया आहे, आणि त्याच्या अर्काचं शिखर ४८२ ला आणि खांदा ५०६ ते ५१० च्या दरम्यान येतो. म्हणून तुमच्या मूळ पाण्याचा अर्क आणि शुद्ध वसाहतीचा अर्क यांचे आलेख एकमेकांवर ठेवून पाहा. पाण्याच्या आलेखाची बोटं पुसट आणि निळ्या बाजूला सरकलेली असतील तर सॅलिनिबॅक्टरची शंका घ्या. २००५ मध्ये याच जिवाणूत झँथोऱ्होडॉप्सिन सापडलं. त्यात सॅलिनिझँथिन हे कॅरोटिनॉइड रेटिनलच्या अगदी अंगाला खेटून बसलेलं असतं. प्रकाश कॅरोटिनॉइड गिळतं, आणि एस-२ वरून घसरण्याच्या आतच सुमारे ४० टक्के ऊर्जा रेटिनलला देऊन टाकतं. शंभर फेम्टोसेकंदांच्या शर्यतीत निसर्गानं शेजारी इतका जवळ बसवला आहे की ऊर्जेला विरायची सवडच मिळत नाही. मी हे दर वर्षी वर्गात शिकवते आणि दर वर्षी तितकीच थक्क होते.

सौरघटात हे रंग वापरायची कल्पनाही अनेक विद्यार्थी घेऊन येतात. इथेही तोच वेळेचा हिशोब आडवा येतो. शिवाय बॅक्टेरिओरुबेरिनला अशा घटातल्या टायटॅनियम डायऑक्साइडला घट्ट धरायला कार्बॉक्सिल गट नाही. साध्या अर्कावर केलेले घट एक टक्क्याच्या बरेच खाली राहतात. प्रात्यक्षिक म्हणून करा, पण त्यावर प्रबंध उभा करू नका.

आता ‘न चमकणं हीच मोठी गोष्ट’ असं मी का म्हटलं ते. मिठागरातल्या वाफ्यात बोटभर खोल पाणी, वर उघडं आभाळ, सावलीचा पत्ता नाही. तिथल्या पेशीला निळ्या-हिरव्या प्रकाशाचा मारा सोसायचा आहे आणि त्यातून तयार होणारा उत्तेजित प्राणवायू निकामी करायचा आहे. उत्तेजित अवस्थेत रेंगाळणारा रेणू धोक्याचा, तो ऊर्जा प्राणवायूला देऊन बसतो. ऊर्जा घेऊन पिकोसेकंदात उष्णतेत विरवणारा रेणू हा खरा ढाल धरणारा. पेशीपटलाच्या आरपार उभं राहून बॅक्टेरिओरुबेरिन पटलाला घट्टपणाही देतं. मिठागरवाल्यांचा फायदा वेगळाच. पाणी लाल झालं की ऊन जास्त शोषतं, तापतं आणि मीठ लवकर धरतं.

लोणारचं सरोवर जून २०२० मध्ये गुलाबी झालं तेव्हा पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनं तपासणी केली आणि कारण हॅलोआर्किया असल्याचं सांगितलं. नमुना काही दिवस ठेवल्यावर जिवाणू तळाशी बसले आणि वरचं पाणी स्वच्छ झालं, हे त्यातलं निरीक्षण मला फार बोलकं वाटतं. रंग पाण्यात विरघळलेला नव्हता, पेशींच्या पटलांत होता. तुमच्या उरणच्या पाण्यालाही हे करून पाहा. एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा. लोणारचं पाणी खारट तसंच तीव्र अल्कधर्मी, पीएच १० च्या आसपास. समुद्राच्या मिठागरातले तुमचे जीव वेगळ्या जातींचे असणार. दोघांचा रंग सारखा म्हणून जीव सारखा, असं लिहू नका.

प्रकाशातूनच तुमच्या रंगद्रव्याची ओळख पटवायची असेल तर फ्लुओरेसन्स सोडा आणि रामन घ्या. जी गोष्ट मला एकदा फसवून गेली तीच तुमच्या कामाची आहे. ५३२ नॅनोमीटरचा लेझर बॅक्टेरिओरुबेरिनच्या शोषणावरच पडतो, त्यामुळे त्याचं रामन विकिरण कित्येक पटींनी वाढतं. १५०५, ११५० आणि १००० व्यस्त सेंटिमीटरच्या आसपास तीन ठसठशीत रेषा येतात. बीटा-कॅरोटीनची पहिली रेषा १५१५ च्या वर असते, म्हणून दोघं वेगळी ओळखता येतात. हे रंगद्रव्य स्वतः चमकत नाही म्हणून रेषा चमकेखाली बुडत नाहीत. वसाहतीवर, अगदी मिठाच्या स्फटिकात अडकलेल्या पेशींवरही हे मोजता येतं. म्हणूनच मंगळावरच्या मिठांत जीवसृष्टीच्या खुणा शोधण्याच्या चर्चेत या रेषांचं नाव येतं.

मापनाबद्दल दोन-तीन गोष्टी राहिल्या. प्रमाण काढताना तुम्ही बीटा-कॅरोटीनचा गुणांक वापरला आहे. बॅक्टेरिओरुबेरिनसाठी ४९० ला २६६० हा एक टक्का द्रावणाचा गुणांक रूढ आहे. त्यानं हिशोब केला तर शोषणाला ३.७६ नं गुणलं की मिलिलिटरमागे मायक्रोग्रॅम मिळतात. तुमचं ०.५३ शोषण म्हणजे सुमारे दोन मायक्रोग्रॅम. कोणता गुणांक आणि कोणता द्रावक वापरला ते तक्त्याच्या खाली लिहा, नाहीतर इतरांच्या आकड्यांशी तुलना करता येत नाही. मिथेनॉलमध्ये मीठ नीट विरघळत नाही. त्याचे बारीक कण प्रकाश विखुरतात आणि आलेखाची बैठक निळ्या बाजूला उचलली जाते. तुमच्या आलेखात ७०० ला शोषण शून्य नाही, ते यामुळेच असावं. पुन्हा सेंट्रिफ्यूज करा. आणि तीन बोटांवरून ‘फक्त बॅक्टेरिओरुबेरिन’ असंही म्हणू नका. त्याची पाण्याचा एक किंवा दोन रेणू गमावलेली भावंडं हुबेहूब तसाच आलेख देतात, कारण साखळी तीच राहते. वस्तुमान मोजलंत तर ७४०, ७२२ आणि ७०४ असे ते वेगळे पडतील.

यूव्ही फोटो प्रबंधातून काढू नका, त्याच्या जोडीला आणखी एक फोटो द्या. अर्काचा ठिपका पातळ थराच्या साध्या सिलिका पट्टीवर लावा. हिरवं चमकणारं द्रव्य घातलेली पट्टी नको, तिच्यावर सगळीच रंगद्रव्यं काळी दिसतात आणि फसवतात. ॲसिटोन आणि हेप्टेनच्या सम मिश्रणापासून सुरुवात करा, खोलीतला उजेड मंद ठेवा आणि पट्टी वाळताच ३६५ च्या दिव्याखाली धरा. लाल पट्टा दिव्याखाली मेलेला, गडद दिसेल. निळी चमक कुठे आहे ते पेन्सिलनं खूण करून ठेवा. ती आरंभरेषेवरच बसून असेल तर माध्यमातले घटक समजा, पार पुढच्या टोकाला पळाली असेल तर फायटोफ्लुईनची शक्यता धरा. तो भाग खरवडून हेक्झेनमध्ये घ्या, त्याचं शोषण मोजा आणि आलेख मला पाठवा.